लहान गोळ्याकडून मोठ्या गोळ्याकडे

मे महिन्यात, भर दुपारी, डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या गच्चीवर लोकरीचे जाडजूड हातमोजे घालून, डोळ्यांवर पंचा बांधून नट-बोल्ट आवळत बसलेल्या बाईबद्दल शेजारीपाजारी काय बोलत असतील, याची कल्पना करा. मला करावी लागत नाही, मी ऐकलेलं आहे. "शिकलेल्या आहेत हं खूप, पण..." असं ते वाक्य असायचं आणि त्या 'पण'च्या पुढे कुणी जायचं नाही. मी पाण्याच्या टाकीजवळ बसून सगळं ऐकायचे आणि नट फिरवत राहायचे.

आता काम थांबवून बरीच वर्षं झाली, तेव्हा सांगून टाकते. मी वेडी नव्हते. मी डोंगरातले निवारे बनवायचे. म्हणजे उंचावर, जिथे झाड उगवत नाही आणि माणसाने खरं तर जाऊच नये, अशा ठिकाणी अडकलेल्या ट्रेकरला रात्र काढता यावी म्हणून उभी करायची छोटी घरं. शिक्षणाने मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. ठाण्याला नौपाड्यात एका पोळीभाजी केंद्राच्या वर माझं ऑफिस होतं आणि डोंबिवलीच्या औद्योगिक भागात पत्र्याची एक शेड. पोटापाण्यासाठी मी गोदामांच्या छपरांचे आणि गॅलऱ्यांच्या ग्रिल्सचे आराखडे काढून द्यायचे. निवारे ही हौस म्हणा, खाज म्हणा. नवीन माणूस ऑफिसात आला की आधी इकडे-तिकडे बघायचा आणि विचारायचा, "साहेब कधी येतील?" मी म्हणायचे, "साहेब आलेत, बसा."

आणखी एक सांगते, ऐकून लोकांची निराशा होते. मला डोंगरांचं अजिबात वेड नाही. 'हिमालयाची हाक' वगैरे मला कधी ऐकू आली नाही. चढावर माझा जीव घाबराघुबरा होतो, गुडघे कुरकुरतात आणि पहाटेचं ते गारठलेलं पाणी तोंडावर मारताना मला घरातला बंब आठवतो. पण त्या काळात, ऐंशीच्या दशकात, ठाण्या-कल्याणची पोरं डोंगरांनी झपाटलेली होती. बँकेत, कारखान्यात, शाळेत नोकरी करायची आणि रजा साठवून हिमालयात पळायचं. साधनं तुटपुंजी. रेनकोट शिवून घेतलेले, बूट कुणाचे तरी मागून आणलेले. ती जायची आणि बहुतेक वेळा परत यायची. त्या 'बहुतेक'मुळे मी या धंद्यात पडले.

धंदा समजून घ्यायला सोपा आहे. लोकांना वाटतं, थंडी हा मुख्य शत्रू. तो नाहीच. पहिला शत्रू वारा. दुसरा, तुमचा स्वतःचा श्वास. बंद खोलीत सहा माणसं झोपली की त्यांच्या श्वासातली वाफ भिंतीला लागते, तिथे तिचा बर्फ होतो आणि सकाळी उन्हाने तो वितळून तुमच्याच अंथरुणावर टपकतो. ओला झालेला माणूस संपलाच. म्हणून घर उबदार हवं तसं हवेशीरही हवं, आणि हे दोन्ही एकत्र साधताना डोक्याचं पार भजं होतं. तिसरा शत्रू वजन. तिथे ट्रक जात नाही. प्रत्येक तुकडा खेचराच्या पाठीवर मावला पाहिजे आणि शेवटच्या चढावर माणसाच्या. म्हणून आम्ही भिंतींच्या फळ्या करायचो, बाहेरून फायबर, आत थर्माकोल, आणि त्या जागेवर नेऊन जोडायच्या. तिथे खोदायचं नाही, सिमेंट ओतायचं नाही, लाकूड जाळायचं नाही. एके दिवशी सगळं उचललं तर खाली गवताला कळताही कामा नये की इथे कुणी राहिलं होतं. सूर्याच्या बाजूची भिंत काळी रंगवायची, तिच्यावर काच. बास, तोच हीटर.

आणि संडास. लोक माझ्याकडे येऊन खिडकीतून शिखरं कशी दिसतील हे विचारायचे, पण संडासाचं कुणी विचारलं नाही. अहो, त्या थंडीत काही कुजत नाही! वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि वितळणाऱ्या बर्फाबरोबर खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात जातं. म्हणून माझ्या प्रत्येक निवाऱ्याला झाकणाचे डबे असायचे, ते भरले की खेचरावरून खाली आणायचे. एका ट्रेकिंग ग्रुपचे अध्यक्ष मला म्हणाले, "मॅडम, हे जरा किळसवाणं वाटतं." मी म्हटलं, "मग खाऊ नका काही वर गेल्यावर."

माझे मेस्त्री दत्ताराम. राहायला कोपरला, मूळ रत्नागिरीकडचे. हातात जादू, पण पाऊस हाडात मुरलेला. पहिल्या निवाऱ्याचं छप्पर त्यांनी भिंतीच्या हातभर पुढे काढलं. मी नको म्हटलं तर त्यांना ते पटेचना. "मॅडम, पागोळ्या भिंतीवर येतील. आमच्याकडे असं छप्पर केलं तर लोक हसतील."

"मेस्त्री, तिथे पागोळ्या येत नाहीत. वारा येतो. तो त्या हातभर पत्र्याखाली हात घालून सगळं छप्पर उचलेल."

मेस्त्री मान हलवायचे, पण चेहरा पटलेला नसायचा. शेवटी मी दोन छोटी घरं करायला सांगितली, एक त्यांच्या पद्धतीचं, एक माझ्या. दोन्ही टेम्पोच्या टपावर बांधली आणि सकाळी रस्ता मोकळा असताना बायपासला टेम्पो पळवला. त्यांचं छप्पर उडालं ते थेट भातखाचरात. मेस्त्री उतरले, शोधून आणलं, झटकलं आणि म्हणाले, "हां. वारा असेल तर बरोबर आहे तुमचं." पुढे एका हवालदाराने अडवून विचारलं, "काय हो बाई, घर पळवताय की काय?"

हातमोज्यांचंही तसंच. थंडीत बोटं बधिर होतात आणि मोजे काढले तर ती जातात. म्हणून माझा नियम असा की निवाऱ्यातली प्रत्येक गोष्ट, कडी, नट, झडप, डब्याचं झाकण, जाड मोजे घालून आणि डोळे बांधून उघडता आली पाहिजे. वादळात तसंही काही दिसत नाही. कडी तर कोपरानेही उघडायची. ही माझी कडी मी मोठ्या अभिमानाने सह्याद्रीतल्या एका घाटमाथ्यावरच्या निवाऱ्यालाही लावली. आठवडाभरात माकडांनी ती उघडली आणि आत घर केलं. मग मी आधी उचला, मग ओढा, अशी दुहेरी कडी केली. तीही माकडं शिकली. तिसऱ्यांदा मी तो नादच सोडला. तो निवारा माकडांना आवडला, एवढीच त्या कामाची पावती.

तर शेखर माझ्याकडे आला तो अशा सगळ्या भानगडींच्या मधे. डोंबिवलीचा पोरगा, शाळेत गणित शिकवायचा आणि एका ट्रेकिंग ग्रुपचा म्होरक्या होता. माझ्या ऑफिसात बसला आणि उजवा हात टेबलावर ठेवला. दोन बोटांची पुढची पेरं नव्हती.

त्याची हकिगत अशी. आदल्या वर्षी हिमाचलमध्ये एक खिंड उतरताना त्याच्या तुकडीला हिमवादळाने गाठलं. खिंडीखाली एक मोठं सपाट मैदान आहे. तिथे आकाश, जमीन, सगळं पांढरं झालं. पुढचा माणूस मागच्याला दिसेना. वाट हरवली. मैदानाच्या तोंडाशी एक मोठा खडक होता, त्याच्या आडोशाला सगळे बसले. सकाळी बाकीचे उठले. मोहन उठला नाही.

मोहन ठाण्याच्या कोपरीचा. वय चोवीस. त्याची आई हिराबाय, कोळीण, मासळी बाजारात बसायची. नवरा आधीच गेलेला. मोहन धाकटा, थोरला मुलगा आणि सून तिच्याजवळ होते.

"तिला तिथे निवारा हवाय," शेखर म्हणाला. "मोहनच्या नावाने. जिथे तो गेला तिथेच. ग्रुपने ठरवलंय, बांधायचाच. खालच्या गावाने होकार दिलाय, वन खात्याचाही कागद आलाय. मॅडम, तुम्ही फक्त घर बनवून द्या."

मी त्याच्याबरोबर आधी हिराबायला भेटायला गेले. दारात सुकत घातलेली जाळी, आत भिंतीवर मोहनचा हार घातलेला फोटो. शेखर आत आला आणि त्याचा उजवा हात पँटच्या खिशात गेला. तासभर तो तिथेच राहिला. हिराबायने मला पाणी दिलं. त्याला "बस" म्हणाली, पण पाणी विचारलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती त्याला एक शब्द वावगा बोलली नाही, फक्त त्याच्याकडे बघितलंच नाही.

"घरी आनला तवा मना तोंड दाखवलं त्याचं," ती मला म्हणाली. "मी बोलली, हात दाखवा. लोकं बोलली, नको. मी बोलली, माजा पोऱ्या हाय, दाखवा. काली झाली व्हती गो बाय बोटं. काली. ल्हान व्हता तवा थंडी वाजली का माज्या काखेन हात घालायचा." मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "तुज्या त्या घरान हात गरम ऱ्हातील ना?"

मी म्हटलं, राहतील. असं वचन मी कधी कुणाला देत नाही, पण दिलं.

त्याच उन्हाळ्यात मी शेखरबरोबर वर गेले. कशी गेले ते विचारू नका, दोन ठिकाणी मला अक्षरशः ढकललं. खडकापाशी पोहोचलो, शेखरने टोपी काढली. मी वर बघितलं. खडकाच्या बरोबर डोक्यावर एक घळ उतरत होती आणि घळीच्या तोंडाला बर्फाची कड लोंबत होती. दर हिवाळ्यात तिथून बर्फाचा लोंढा येत असणार, खाली फुटलेल्या दगडांचा सडा सांगत होता. तिथे घर बांधलं असतं तर एका थंडीत त्याचा चुरा झाला असता. आणि मोसमात माणसं आत झोपलेली असताना घळ सुटली तर? ज्या जागेला जीव वाचवायचं ठिकाण म्हणायचं, ती जागा माणसं गोळा करून मारणार.

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, एका खडकाळ सोंडेच्या आडोशाला, जागा अगदी हवी तशी होती. वारा अडत होता, डोक्यावर काही नव्हतं, सकाळचं ऊन येत होतं. मी मोजमाप घेतलं. शेखरने टेपचं दुसरं टोक धरलं. उतरताना म्हणाला, "मॅडम, पलीकडेच बांधू. मावशीला सांगू, मोहनच्या जागेवर बांधलं. ती कुठे येतेय बघायला?"

मला राग आला. त्याच्यापेक्षा जास्त राग याचा आला की क्षणभर मलाही ते सोपं वाटलं. "अरे, तू गणिताचा मास्तर ना? ती आयुष्यभर मनात त्या खडकाशी जाऊन दार वाजवणार आणि तिथे दार नसणार. मी नाही असलं काही करणार. मी सांगते तिला."

सांगायला मी एकटी गेले. सगळं सांगितलं, घळ, बर्फाची कड, फुटलेले दगड. ती कोळंबी सोलत होती. हात थांबले नाहीत.

"म्हनजे माज्या पोराची जागा वाईट हाय," ती म्हणाली.

"घराला वाईट आहे, हिराबाय."

"मग नको बांधू."

"अहो, पण पलीकडे—"

"पलीकडं कोन मेलं? कोनाची आयस बोलली का पलीकडं बांध? मी बोलली, तो बसला तिथं बांध. नाय जमत तर ऱ्हाऊंदे. दुसरीकडं घर बांधून त्याचं नाव नको देऊ, मना नको ती फसवनूक." आणि मग हात थांबले. "तो तिथं एकटा हाय गो बाय."

माझ्याजवळ वाऱ्याचे, बर्फाचे, वजनाचे सगळे हिशेब होते, त्यातला एकही तिथे कामाचा नव्हता. मी उठले आणि घरी आले. पुढे काही आठवडे काम बंद. दत्ताराम मेस्त्री फळ्या करून बसलेले. ग्रुपची पोरं दोन बाजूंनी बोलायला लागली. काही म्हणाली, तिच्या परवानगीची काय गरज? शेखर म्हणाला, तिच्या शब्दाशिवाय मी एक खिळा मारू देणार नाही. तेवढ्यासाठी मी त्याला मनातल्या मनात माफ केलं.

मग एके सकाळी हिराबायच नौपाड्यात माझ्या ऑफिसात आली. बाजार उरकून आली होती, रिकामी पाटी बाहेर ठेवली. बसली नाही. म्हणाली, "कागद दाखव."

मी नकाशा टेबलावर पसरला. हा डोंगर, ही खिंड, हे मैदान, हा खडक, हे घर. ती बोट फिरवत गेली. खडकावर थांबली, पुढे गेली. मग मैदानावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे काय?"

"खांब. लोखंडी पाइप. एकापासून दुसरा, अशी ओळ. वादळात घर सापडावं म्हणून."

"आन् काय दिसतच नसंल तर?"

"मग खांबांना दोरी. दोरी धरून चालायचं."

तिने बोट एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर नेलं. म्हणाली, "खाडीन ओहोटीला धुकं पडतं ना, तवा आमी पन खुंट धरून किनारा गाठतो." मग विचारलं, "पयला खांब हितं का? मैदानाच्या मधी?"

"हो. खडकाजवळ लावला तर दर हिवाळ्यात वाहून जाईल."

"आमचे खुंट पन वाहून जातात. नवे ठोकतो. दर साली." तिने बोट उचललं आणि खडकावर ठेवलं. "हितून सुरू कर. पयला खांब माज्या पोराजवल. मग घर तुला पायजे तिथं ने. उंबरा हितं, घर तिकडं. चालंल मना."

मी तिच्या बोटाशेजारी पेन्सिलीने ठिपका काढला. धंद्याच्या दृष्टीनेही ते बरोबरच होतं. खिंडीतून उतरणारा प्रत्येक जण त्या खडकाशीच येणार, कारण त्या पांढऱ्यात हाताला लागण्यासारखं तेवढं एकच काही आहे. पण ते मी तिला सांगितलं नाही. मला रडू येत होतं आणि खाली पोळीभाजीवाल्याकडे कुणीतरी बटाट्यावरून भांडत होतं.

"दोरी मी करनार," ती जाता जाता म्हणाली. "तुमच्या दुकानातली नको."

दोरी घेऊन ती डोंबिवलीला माझ्या घरी आली ती मासळीच्या पाटीतून. जिना चढेपर्यंत वासाने सगळ्या मजल्यांची दारं उघडली. सोसायटीचे चेअरमन स्वतः गच्चीवर आले. "बाई, हे काय चाललंय? ही कुटुंबवत्सल माणसांची सोसायटी आहे." मी म्हटलं, "बरं झालं आलात, एक माणूस कमीच पडत होता," आणि त्यांच्या हातात मोजे दिले.

अडचण एक होती. दोरी हाताला लागली, पण घर कुठल्या बाजूला? डावीकडे की उजवीकडे? उलटं गेलं तर माणूस पुन्हा खिंडीकडे जाणार. म्हणून हिराबायने दोरीला गाठी मारल्या होत्या, एक साधी, तिच्या पुढे एक दुहेरी. साधीकडून दुहेरीकडे गेलं की घर. आम्ही गच्चीवर खांबांऐवजी कपडे वाळत घालायचे बांबू उभे केले, पंचे बांधले, मोजे चढवले. दत्ताराम मेस्त्री मोठ्या आत्मविश्वासाने निघाले आणि थेट पाण्याच्या टाकीला धडकले. चेअरमन जिन्याच्या दाराशी पोहोचले आणि "सापडलं घर!" म्हणून ओरडले. घर दुसऱ्या टोकाला होतं. जाड मोज्यातून गाठी कळतच नव्हत्या.

हिराबायला हसू आलं. मोहन गेल्यानंतर पहिल्यांदाच असेल, निदान मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. "जल्लं मेलं ते गाठीचं," म्हणाली आणि दोरी पाटीत गुंडाळून घेऊन गेली.

पुन्हा आली तेव्हा गाठींच्या जागी जाळ्याला लावतात ते प्लास्टिकचे तरंगते गोळे ओवून आणले होते. एक लिंबाएवढा, त्याला लागून एक मोठा, मुठीत न मावणारा. मग दोन हात मोकळी दोरी, की पुन्हा तीच जोडी. मोजे घालून, डोळे बांधून, मी स्वतः हात फिरवला. आंधळ्यालाही चुकता येणार नाही असं.

"लहान गोळ्याकडून मोठ्याकडे?" मी विचारलं.

"हां. पोर आयशीकडं जातं," ती म्हणाली. "ते सांगावं लागत नाय कोनाला."

पुढच्या मोसमात निवारा उभा राहिला. मी नंतर पुन्हा वर गेले नाही, माझ्या गुडघ्यांनी हात जोडले. पण दर हिवाळ्यात पहिला खांब वाहून जायचा आणि दर उन्हाळ्यात शेखर रजा काढून तो नवा ठोकायला जायचा. मोसम संपला की खालच्या गावचा खेचरवाला दोरी गुंडाळून निवाऱ्यात ठेवायचा, आणि शेखर झिजलेला भाग कापून नवा लावायचा. तो नवा भाग हिराबाय तयार ठेवायची. तो कोपरीला तिच्या दारात जायचा, ती गुंडाळी हातात द्यायची, तो डाव्या हाताने घ्यायचा. उजवा खिशात. पाणी नाही, चहा नाही, "संभालून जा" एवढंच. वर्षामागून वर्षं हे असंच. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, किती दिवस लपवणार आहेस ती बोटं? तिला काय माहीत नसेल?" तो म्हणाला, "मॅडम, माझी दोन पेरं गेली. तिचा मुलगा गेला. तिच्यासमोर मी ती मिरवू कशी?"

नव्वदचं दशक अर्धं सरलं तेव्हा एक मुलगी माझ्या ऑफिसात आली. मेघना, कल्याणची, नुकतीच इंजिनिअर झालेली. पत्ता शोधत ती शेखरकडे पोहोचली होती, त्याने तिला माझ्याकडे आणलं. आम्ही तिघं कोपरीला गेलो. हिराबाय आता थकली होती, दारात बसून दोरीत गोळे ओवत होती. शेखर मागे उभा राहिला, हात नेहमीच्या जागी.

मेघना सांगायला लागली. आदल्या मोसमात खिंड उतरताना वादळ आलं, ती आणि तिची मैत्रीण तुकडीपासून तुटल्या. काही दिसत नव्हतं. मैत्रिणीचे पाय चालेनात. एका मोठ्या खडकाला हात लागला तेव्हा तिला वाटलं, बस, इथेच टेकू, थोडा वेळ. "आजी, मी बसलेपण होते. बसताना हात कशाला तरी लागला. लोखंडाचा थंड पाइप. आणि त्याला दोरी. खालच्या गावात खेचरवाल्याने सांगितलेलं, लहान गोळ्याकडून मोठ्याकडे जायचं. मी मैत्रिणीला उठवलं. ती म्हणत होती, नको, झोपू दे. मी तिचा हात दोरीवर ठेवला आणि मोठ्याने म्हणत राहिले, लहान, मोठा, लहान, मोठा. घराची कडी मी कोपराने उघडली."

मी खाली बघत होते. कडीचं ऐकून मला जे वाटलं ते सांगायची सोय नाही. माकडं आठवली आणि रडूही आलं.

हिराबायने वादळाबद्दल काही विचारलं नाही. हातातली दोरी बाजूला ठेवली. "हात दाव," म्हणाली.

मेघनाने हात पुढे केले. हिराबायने ते उलटेसुलटे केले, उजेडाकडे धरले. एकेक बोट घेऊन त्याचं टोक दाबलं. "दुकतं?"

"नाही आजी."

"हे?"

"नाही."

शेवटच्या करंगळीपर्यंत गेली. मग ते दोन्ही हात तिने आपल्या मांडीवर तसेच धरून ठेवले आणि आत सुनेला हाक मारली, "सगल्यांना चा टाक गो." बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा चेंडू दाराशी येऊन थांबला.

मग तिने मान वर केली आणि आमच्या मागे बघितलं.

"शेखर. तुजा पन दाव."

तो हलला नाही.

"इतकी वर्सं खिशान घालून फिरतोस, मना काय दिसत नाय? ये. हितं बस."

तो आला, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि हात बाहेर काढला. तिने ती दोन तोकडी बोटं आपल्या तळव्यावर घेतली. त्यांच्या टोकांवरून हळूहळू अंगठा फिरवत राहिली. कोपरीतली ती मे महिन्याची दुपार होती, आमच्या सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या.

"अजून गार हाय रे," ती म्हणाली, आणि त्याचा हात ओढून तिने आपल्या काखेत घातला.